नव्या रक्तातली जुनी खूण

शिरूर, मंगळवार, रात्र

कोरोनात दवाखान्याचं एक बिल आणि एक उन्हाळा गेला, एवढंच धरून होतो. हिशेब चुकला.

कोरोना होऊन गेलेल्यांवरच्या एका अभ्यासासाठी रक्त दिलं होतं. दौंडच्या पुतणीनं, डॉक्टर आहे ती, आज सांगितलं, "आप्पा, विषाणू गेलाय. पण रक्तपेशींवर त्याची खूण हाय."

"त्या पेशी कवाच मेल्या असतील की!"

"व्हय. पण हाडातल्या ज्या मूळ पेशी नव्या पेशी बनवतात, त्यांच्यावरच ती बसलीय. नव्या ती खूण घेऊनच जन्मतात."

दुकानात पंपाच्या जळालेल्या मोटारीत मी नवी तार भरली की ती जुनं विसरते. रक्त विसरत नाही?

हसून म्हणालो, "बिघाड मला आवाजावरनं कळतो, पोरी."

संध्याकाळी दुकानातल्या मोटारी बंद केल्या. कान बोटांनी दाबले. आत घरघर चालू होती. कुणाची खूण वाहतेय ही? बराच वेळ ऐकलं.

काहीच ओळखता आलं नाही.