कंद न खाल्लेले उंदीर

२ जानेवारी
आजपासून चहा बंद, रोज चार पानं लिखाण. ३१ मार्चला पीएचडीची मुदत संपते, आता चौथ्यांदा वाढवून मिळणार नाही. विषय जबरदस्त: पळसवेलीच्या कंदात वनस्पतींतलं इस्ट्रोजेन असतं, ते मेंदूला फिटच्या झटक्यांपासून वाचवतं. गडचिरोलीच्या या कॉलेजात हे कळणारा मी एकटा. बाकी स्टाफला फक्त डीए कळतो. गाइडलाही मध्ये काही दाखवणार नाही. ढापतात.

३ जानेवारी
वीस उंदीर. दहांना कंद, दहांना नुसतं रोजचं खाणं. चारणारा शिपाई सुकलू. त्याने शंका काढली, साहेब, खान्यात तं सोयाबीनची ढेप हाय, त्याच्यातई तेच असते म्हन्ते न? पेंडीत इस्ट्रोजेन? कोण म्हणतं? मोबाइल! आठवी नापास माणूस मला इस्ट्रोजेन शिकवणार. डोकं तापलं म्हणून चहा घेतला.

१९ जानेवारी
सुकलूच्या मुलीला, करिश्माला, फिट येतात. मोठ्या मनाने कंदाची पुडी दिली. गोळ्या बंद कर म्हटलं. नुसता हो हो म्हणाला. साधं थँक्यू नाही.

११ फेब्रुवारी, दुपारी १
उंदरांना झटके आणणारं इंजेक्शन दिलं. कंदवाल्या दहांपैकी फक्त दोघांना झटके. जिंकलो!

४.३०
बिनकंदवाल्यांतही दोघांनाच.
सुकलूने कंद सगळ्यांना चारला असणार. विचारलं तर म्हणे, मी काऊन चारीन? प्राचार्यांकडे तक्रार. प्रबंधाच्या आभारात याचं नाव येणार नाही. लिखाण उद्यापासून.

२६ मार्च
गाइड तहसीन मॅडम चंद्रपूरहून आल्या. त्यांची सही हवी होती. पहिलाच प्रश्न, उंदीर खातात काय? असले फालतू प्रश्न शिपायाला विचारावेत, म्हणून सुकलूला बोलावलं. त्याने ढेप सांगितली. मॅडम हसल्या नाहीत. म्हणाल्या, वीसही उंदीर पहिल्या दिवसापासून तेच इस्ट्रोजेन खाताहेत, मग तुलना कशाशी? प्रयोग पुन्हा करा, सोयाबीन वगळून. आणि या माणसाचं ऐकत जा.

३१ मार्च
मुदत संपली. तिसरा चहा घेताना एकदम पुडी आठवली. करिश्माच्या गोळ्या! कप तसाच टाकून सुकलूकडे पळालो.
म्हणे, गोळ्या चालूच हाय, साहेब. पुडी देल्लीच नाई. म्हटलं, पयले तुमचे उंदीर तं पाहू.