मेव्हिसची पाठ

लाडक्या मेव्हिस,

आज चर्चमध्ये प्रार्थना चालू असताना तुझे डोळे उघडेच! पुढच्या बाकावरच्या कोलची मान न्याहाळत होतीस.

प्रार्थना संपताच म्हणालीस, "कोल, कानामागचा तीळ उद्या माझ्या दवाखान्यात दाखव. आणि टोपी काय खुंटीसाठी घेतलीस?"

सगळे हसले. याच डोळ्यांनी तू उसाच्या मळ्यांतल्या कितीजणांना कातडीच्या कर्करोगातून वाचवलंस.

निघताना तुझ्या फ्रॉकची सरकलेली चेन लावली, तेव्हा मला तुझ्या खांद्याखाली काळा, वेड्यावाकड्या कडांचा डाग दिसला.

"तुझी पाठ कोण बघतं गं?"

"मला वेळ कुठाय, ताई?" म्हणालीस आणि गाडीत बसलीस.

असा डाग थांबत नाही, हे तूच शिकवलंस, आणि टपाल तर रेंगाळतं. म्हणून हे पत्र पेटीत न टाकता पहाटेच्या बसने टाउन्सव्हिलला तुझ्याकडे मीच घेऊन येते. कोलच्या आधी तुझी पाठ दुसऱ्या डॉक्टरला दाखवू. प्रार्थना मी करीन, तुझा हात धरून.

तुझीच,
ग्लेनिसताई