फॅमिली प्लॅनमध्ये न बसलेल्या आईचे मृत्युपत्र

मी, सावित्रम्मा, लिंगैक्य सिद्रामप्पा तोळणुरे यांची पत्नी, वय ७४, धंदा शेंगाचटणी व कडक भाकरी, राहणार बाळीवेस, सोलापूर, हे मृत्युपत्र कोणाच्याही दडपणाशिवाय लिहून ठेवते. माझे डोके ठिकाणावर असल्याचे डॉक्टरांनी तपासून लिहून दिले आहे. माझ्या दोन मुलांचे मत वेगळे असेल. ते कोणी विचारलेले नाही.

१. राहते घर माझ्या स्वकष्टाचे व माझ्याच नावावर आहे. थोरला प्रभु पुण्यात इंजिनिअर आहे, धाकटा शिवू माझ्याजवळ राहतो. दोघांची शिक्षणे माझ्या तव्यावर झाली. असो.

२. या घरात त्यांना वाटा का नाही, ते नमूद करते. यजमान गेल्यावर दोघे भाऊ पहिल्यांदा एकत्र बसले ते मोबाईलचा फॅमिली प्लॅन ठरवायला. कोणत्या कंपनीचा डेटा जास्त, कोणाचे कॉलिंग अमर्याद, एका बिलात किती नंबर बसतात, याची त्यांनी जी छाननी केली, ती बापाच्या आजारपणात एका औषधाचीही केली नव्हती. शेवटी एक नंबर जास्त झाला. प्रभुच्या मुलाच्या गेमच्या टॅबलाही सिम हवे होते. टॅब राहिला, आई गेली. मला सर्वांत लहान रिचार्ज मिळाला. त्यातली बोलायची मिनिटे आठवडाभरही पुरत नसत.

माझी थोरली बहीण अक्कम्मा वळसंगला एकटी राहत होती. तिची नजर गेलेली. फोन आला तर उचलते, लावता येत नाही. म्हणून रोज संध्याकाळी मीच लावत असे. हे सांगितले, तर प्रभु म्हणाला, "अव्वा, रोज काय बोलता गं तुम्ही? इनकमिंग चालूच आहे की तुझं." एवढे शिकलेल्या माणसाला आंधळेपण म्हणजे काय हे समजावत बसावे, इतका मला वेळ नव्हता.

३. मिनिटे संपली की शिवूची बायको चंद्रिका स्वतःचा फोन गुपचूप माझ्या हातात देई. गेल्या श्रावणात ती माहेरी बार्शीला गेली असताना माझी मिनिटे संपली. रिचार्ज मुलेच त्यांच्या मोबाईलवरून करत; शिवूला सांगितले, तर मान वर न करता म्हणाला, पुढच्या तारखेला होईल आपोआप. शेजारी फोन मागायला निघाले, तर घराची अब्रू जाते म्हणून त्याने अडवले. त्याच संध्याकाळी अक्कम्मा न्हाणीत पडली. मिनिटे असती, तर मी फोन लावला असता, तिने उचलला नसता, आणि मी तिच्या शेजारी राहणाऱ्या गुंडा बंडगरला धाडले असते. सकाळी गुंडाचाच फोन आला. "मावशी, लगेच या. आजी रातभर न्हाणीत पडून हुत्या. आमाला कायच कळलं न्हाय."

शिवूला गाडी काढ म्हटले, तर त्याला ऑफिस होते. मी एसटीने गेले. खुब्याचे हाड मोडले होते. दवाखान्यात अक्कम्माने माझा हात चाचपला आणि कन्नडमध्ये विचारले, "सावित्री, रुसली होतीस का माझ्यावर?"

रात्रभर ती ओल्या फरशीवर हेच शोधत होती, की आपले काय चुकले.

चौथ्या दिवशी प्रभु आला आणि तिच्या उशाशी बसून मला नवा प्लॅन दाखवू लागला. यात म्हणे मिनिटांना मर्यादाच नाही. मी त्याला खोलीबाहेर काढले.

४. सबब, या घरात अक्कम्मा हयात असेपर्यंत राहील. सध्या ती माझ्याजवळच आहे. बँकेतील शिल्लक तिच्या औषधपाण्याला व सेवेला वापरावी. तिच्या पश्चात घर एकट्या चंद्रिकाचे. शिवूला तेथे ठेवायचे की नाही, हे तिने ठरवावे. उखळ, तवे व गिऱ्हाइकेही तिचीच.

५. माझ्या पैशांनी घेतलेली मोटारसायकल शिवूने ठेवावी. ती परत मागण्याएवढाही संबंध मला नको.

६. प्रभुला काही नाही. कोर्टात जायचे असल्यास खुशाल जावे. चार वकिलांची तुलना करून एक निवडावा. तेवढे त्याला जमते.

७. हे सर्व मी अक्कम्माला कन्नडमधून सांगितले. ती म्हणाली, "पोरं आहेत, काहीतरी ठेव की त्यांना."

तिचे मी ऐकून घेतले आणि खाली सही केली.

सही: सावित्रम्मा सिद्रामप्पा तोळणुरे

साक्षीदार, ज्यांच्यासमक्ष मी सही केली व ज्यांनी माझ्यासमक्ष केली:
१. गुंडा कोंडीबा बंडगर, शेती, वळसंग
२. धम्मप्रिया त्रिंबक सोनकांबळे, परिचारिका, सोलापूर

सोलापूर, दिनांक ९ जानेवारी २०२५