अक्कांची बावीस गाणी आणि माझा टॅब

१२ सप्टेंबर
टॅब आला. हलका आहे, एका हातात मावतो. सासूबाई, म्हणजे आमच्या अक्का, दसऱ्यानंतर धाकट्या दिरांकडे पुण्याला कायमच्या चालल्या आहेत. त्यांना भोंडल्याची बावीस गाणी येतात. त्यातलं आमच्या क्षिप्रा नदीचं तर दुसऱ्या कुणालाच येत नाही. सगळी मीच उतरवून घेणार. रोज एक. तिथल्या जाऊबाई चारुलताला असल्या गोष्टींची आवड नाही.

१३ सप्टेंबर
रेकॉर्ड करू म्हटलं तर अक्का नाही म्हणाल्या. "आवाज फाटलाय गं. तू लिही." काचेवर टाइप करून बोटं दुखली. दीड ओळ झाली. कीबोर्ड मागवला.

१९ सप्टेंबर
कीबोर्ड छान. पण मांडीवर घेतला की टॅब मागे कलंडतो. टेबल हवं. टेबलावर नवऱ्याच्या, शैलेंद्रच्या फायली. अक्का विचारतात, "झाली का तुझी मशीन चालू?" म्हटलं, बस, दो दिन.

२४ सप्टेंबर
कॉलेजातून येताना देवास गेटला उतरले. दुकानदार म्हणाला, "मैडम, बिना पेन के तो ये आधा ही है." पटलं. पेन, कव्हर, स्टँड घेतलं. आता सगळं मिळून पोळपाटाएवढं जड झालंय. बॅटरी मात्र दहा तास टिकते. माझी चार.

२९ सप्टेंबर, सकाळ
अक्कांना बसून गाणी आठवत नाहीत. चालताना आठवतात. म्हणून नदीवर, राम घाटावर नेलं. पायऱ्या उतरता उतरता त्यांनी क्षिप्रेचं गाणं धरलं, आणि अख्खं म्हटलं. टॅब उघडला. उन्हात त्याचा आरसा झाला. माझ्या डोळ्यांखालची वर्तुळं तेवढी स्पष्ट दिसली.
"लिहिलंस?"
हो म्हणाले. का म्हणाले?

७ ऑक्टोबर
घरी भोंडला. पाटावर हत्ती, भोवती कॉलनीतल्या बायका, अक्कांचा आवाज सगळ्यांच्या वर. पेन डिस्चार्ज. वही घ्यावी, असं एकदा मनात आलं. पण मग हे सगळं कशासाठी घेतलं?

१३ ऑक्टोबर
अक्का गेल्या. स्टेशनवर म्हणाल्या, "गाणी तुझ्या मशीनमध्ये आहेत, मला आता फिकीर नाही." मशीनमध्ये दीड ओळ आहे. बाकीचं व्हिडिओ कॉलवर करू. कॅमेरा उत्तम आहे.

२० ऑक्टोबर
व्हिडिओ कॉल केला. चारुलता मध्येच डोकावली. परवा दोघी मटार सोलत होत्या, अक्का आपणहून गायला लागल्या, तिने किराण्याच्या वहीत पेन्सिलीने सगळं लिहून घेतलं. एका दुपारीत. "ताई, तुमच्याकडे आहेतच म्हणा. तरी ताडून बघायला फोटो पाठवू?"
पाठव म्हटलं.
मोठ्या स्क्रीनवर तिचं अक्षर फार स्वच्छ दिसतं. मोजली. एकवीस. शेवटच्या पानाखाली लिहिलंय, "क्षिप्रेचं राहू दे म्हणाल्या. ते थोरलीने घाटावर लिहून घेतलंय."
उद्या अक्कांना फोन करून खरं सांगायचं. पेन चार्जिंगला लावलंय.