नागसेनसाठी गोळाभात

प्रतापनगर, नागपूर
बुधवार

स्वस्ति श्रीमत् उमरेडनगरीभूषण, लोणचे-पापड-कुरडई-साम्राज्याधीश्वरी, कनिष्ठबंधुकर्णपीडनविशारद, तीर्थस्वरूप चारुशीलाताई यांचे चरणी मधुमेहोपसेवित, स्वयंपाकगृहप्रवेशोत्सुक बंधू कृष्णकांत याचे साष्टांग दंडवत. (साष्टांग केवळ लेखी, प्रत्यक्षास कंबर अनुमती देत नाही.) तुझे गुडघे आणि भाऊजींचा रक्तदाब आपापल्या मर्यादेत असावेत. व्हॉट्सॲपवर तू माझे संदेश वाचतेस व मौन धारण करतेस, म्हणून हा लेखनप्रपंच.

वृत्त असे की, माझा कॉलेजातला मित्र नागसेन पुतण्याच्या लग्नानिमित्त रांचीहून येत असून रविवारी संध्याकाळी आमच्याकडे जेवणार आहे. स्वयंपाक मी करणार आहे. हे वाक्य तू पुन्हा वाचशील, म्हणून मीच पुन्हा लिहितो: स्वयंपाक मी करणार आहे. बेत गोळाभाताचा. ही प्रतिज्ञा ऐकून तुझ्या भावजयीने, भावनाने, प्रथम माझी साखर तपासली आणि मग बाहेरून जेवण मागवण्याचा ठराव मांडला, जो मी एक विरुद्ध एक अशा बहुमताने फेटाळला. नागसेनला फोनवर सांगितले तर तो म्हणाला, "बाप्पा! तू रांधून राहिला? मग मी जेवूनच येतो ना गा!" अशा लोकापवादाने निश्चय ढळणाऱ्यांपैकी मी नव्हे.

रविवारी फजिती नको म्हणून गेल्या शनिवारपासून रंगीत तालमी सुरू केल्या. पहिल्या तालमीत मी डब्यातले भज्यांचे बारीक बेसन घेतले. (गोळ्यांना डाळीचा भरडा लागतो, हे ज्ञान मला पश्चात् झाले.) गोळे भातात ठेवले आणि वीस मिनिटांनी झाकण काढले, तो भात होता, गोळे नव्हते, ते पंचत्वात विलीन होऊन सर्व पातेले पीतवर्ण झाले होते. दुसऱ्या तालमीस भरडा आणला, परंतु तेलाचे मोहन घालण्यात कार्पण्य केले आणि गोळे वळताना मुठीत अकारण वीरश्री संचारली. भावनाने त्यातला एक ओट्यावर टाकून पाहिला. आवाज झाला. "अहो, हे काय करून राहिले तुम्ही? त्या माणसाचे दात काहून पाडता?" असे ती म्हणाली, मी तो गोळा निमूटपणे खाल्ला आणि अर्धा दिवस कोणाशी बोललो नाही. (बोलणे शक्य नव्हते.) काल तिसरी तालीम झाली. गोळा अखंड राहिला, बोटाने दाबता फुटला, वर हिंगमोहरीचे कढत तेल पडताच स्वयंपाकघरात जो वास सुटला, त्याने मी क्षणभर ओट्याला धरून उभा राहिलो.

कारण तो वास आपल्या महाल भागातल्या जुन्या घराचा होता, ताई. नागसेन तीन वर्षे तिथे येत असे आणि ओसरीच्या पलीकडे कधी आला नाही, कारण त्याला आत कोणी बोलावले नाही. त्याच्यासाठी चहाचा कप वेगळा असे. तो तू आणायचीस आणि नागसेन तो विसळून उपडा ठेवून जायचा. एकदा आतून फोडणीचा असाच वास आला, तेव्हा त्याने विचारले, "काय शिजून राहिलं गा?" मी म्हणालो, "काही नाही." आई आता नाही आणि तिच्यावर मी खटला चालवीत नाही, "काही नाही" मी म्हणालो होतो. त्याने त्याविषयी आजवर अवाक्षर काढलेले नाही, आणि ते औदार्य मला दुसऱ्या तालमीतल्या गोळ्याहून जड जाते. म्हणून गोळाभात, म्हणून माझ्या हातचा, आणि म्हणून आतल्या टेबलावर. यात बदल संभवत नाही.

भाऊजींस नमस्कार. कळावे, लोभ आणि लोणचे दोन्ही टिकावे.

तुझा आज्ञाभंजक बंधू,
कृष्णकांत

ता. क. – आईचे चांदीचे ताट तुझ्या कपाटात आहे. ते रविवारी हवे आहे. जावई आणि नैवेद्य यांखेरीज ते निघत नाही, हे मला ठाऊक आहे. म्हणूनच मागतो आहे. देणार नसशील तर तसे स्पष्ट कळव, पण मौन नको. आपल्या घराने ते पुष्कळ केले.

पुन्हा ता. क. – ताट कोणाबरोबर पाठवू नकोस. दुपारच्या एसटीने स्वतः घेऊन ये आणि त्याला तुझ्या हाताने वाढ. आपणही त्याच्याबरोबरच बसू.

आणखी एक – बसण्याचा विषय निघालाच आहे, तर आमच्या टेबलाच्या चौथ्या खुर्चीचा एक पाय डगमगतो. सुतार ओमप्रकाश "परसों पक्का" सांगून गेला, त्याला आता अकरा दिवस झाले. त्या खुर्चीवर पाहुण्याला बसवता येत नाही, भावना बसत नाही, मला वाढताना सारखे उठावे लागेल, आणि तुझ्या वजनाविषयी पत्रातून काही लिहिण्याइतका मी अजून धीट झालेलो नाही.