तेरा नंबरचा पाना

३ मार्च, सोमवार

ही वही आणून दोन महिने झाले. उस्तादने गॅरेजमधून हाकललं त्याच दिवशी आणली. पहिल्या पानावर ‘सूड’ एवढंच लिहिलं, खाली दोन रेघा मारल्या. तेवढ्यात पेन संपलं. ते आणायला गेलो तर मैदानात सर्कसचा तंबू उतरवत होते. बघता बघता त्यांच्या ट्रकमध्ये बसलो. परत यायला जरा उशीर झाला. पण आता रोज लिहिणार. खंड नाही.

घटना नोंदवून ठेवतो, नाहीतर राग शिळा होतो. एका गिऱ्हाइकाच्या गाडीचं ऑइल बदलत होतो. समोर क्रेनने पाण्याची टाकी उचलत होते. पाच मिनिटं बघायला गेलो. ऑइलचं बूच लावायचं राहिलं. एवढंच. उस्ताद सगळ्यांसमोर म्हणाला, तू गाडी दुरुस्त करायला जन्मलेला नाहीस बाबा, तू गाडीत मागे बसून खिडकीबाहेर बघायला जन्मलायस. चहावालाही हसला. तोही यादीत.

निघताना उस्तादचा तेरा नंबरचा पाना खिशात घातला. चोरी नाही. विजयचिन्ह, आगाऊ.

५ मार्च

शस्त्र मिळालं! मी आत्याकडे वरच्या खोलीत राहतो; खाली शेडमध्ये तिच्या यजमानांची, म्हणजे काकांची, स्टेशन वॅगन उभी आहे. काका गेले तेव्हापासून हललेली नाही. इंजिन मागच्या बाजूला, सामान ठेवायच्या फळीखाली. रेडिएटर नाही, पाणी नाही, नुसत्या हवेवर थंड राहतं. माझाही स्वभाव तसाच.

आत्याला म्हटलं, गाडी मला दे. ती म्हणाली, उस्ताद पाच वर्षं मागतोय. (काका आणि उस्ताद जिगरी दोस्त होते. मग याच गाडीच्या कार्बुरेटरवरून भांडले, ते शेवटपर्यंत बोलले नाहीत. उस्ताद या घराची पायरी चढत नाही, निरोप पाठवतो.) शेवटी आत्याने अट घातली. तीस तारखेला जुन्या गाड्यांची टेकडी-चढाई आहे. गाडी आपल्या पायांनी वर गेली तर तुझी. नाही गेली तर उस्तादची. वर म्हणाली, मला काय, कपडे वाळत घालायला शेड रिकामी झाल्याशी मतलब.

उस्ताद दरवर्षी त्या चढाईत असतो. म्हणजे एका दगडात दोन पक्षी, आणि दोन्ही पक्षी उस्तादच.

८ मार्च

काकांचं इंजिन सुरू करून पाहिलं. शिंकल्यासारखं चालतं. याने सूड होत नाही. इंजिनच बदलायचं.

भंगारवाल्याकडे दुसऱ्या कंपनीचं सापडलं. हेही हवेवरचं, पण मोठं, सहा सिलिंडरचं. स्टार्टर त्याच्याबरोबरचाच. काकांचं इंजिन त्याला देऊन टाकलं. तो म्हणाला, उस्तादला एकदा विचारून घे. मी म्हणालो, उस्ताद कोण?

ठराव : उस्तादचे सगळे नियम मोडायचे. उदाहरणार्थ, कुठलंही इंजिन बसवण्याआधी तो हाताने फिरवून बघतो, कुठल्या बाजूला फिरतंय ते, आणि पुलीवर खडूने बाण काढतो. त्याशिवाय कुणाला हात लावू देत नाही. खडू! गॅरेज आहे की बालवाडी?

१४ मार्च

इंजिन बसलं. वेल्डरने मध्ये जोडपट्टी बनवून दिली. आता घट्ट, जन्मभर हलणार नाही. वेल्डरने विचारलं, बाण कुठाय? हाही उस्तादच्याच हाताखालचा निघाला. यादीत घातला.

बाण काढला नाही.

२० मार्च

सहा दिवस मागच्या काचेवर गेले. महत्त्वाचं काम होतं. मोठ्या अक्षरांत, पिवळ्या रंगात : ‘उस्ताद, धूळ खा’. मी पुढे, तो मागे, पूर्ण चढभर वाचत येईल. ‘धू’ चा ऊकार तीनदा पुसला. मग शेजारच्यांनी पोपट आणलाय तो बघायला गेलो.

आत्याने काच वाचली. म्हणाली, अरे, वयाने मोठा आहे तो, निदान ‘खा’ च्या जागी ‘खावी’ तरी लिही. जागा नव्हती.

२६ मार्च

ऑइल भरलं. खालचं बूच हातानेच लावलं. त्याला तेरा नंबर लागतो. माझ्याकडे तेरा नंबर एकच, उस्तादचा, आणि तो या वहीत खूण म्हणून ठेवलाय. विजयचिन्ह वापरायचं नसतं. उद्या दुसरा आणतो.

२९ मार्च

इंजिन सुरू झालं! शेडचा पत्रा थरथरला, आत्या लाटणं घेऊन बाहेर आली. काय आवाज! लगेच बंद केलं. चालवून पाहिली नाही. पहिलं चालवणं सगळ्यांसमोर व्हायला पाहिजे. उद्या पोरं ढकलत उतारावरून टेकडीच्या पायथ्याशी नेतील.

काहीतरी आणायचं होतं. आठवत नाही.

३० मार्च, रविवार, सकाळी सात

आज दुपारपर्यंत उस्ताद या शहरात तोंड दाखवू शकणार नाही. त्याच्यासाठी मनात एक वाक्य तयार ठेवलंय. क्षमा करण्याबद्दल आहे.

त्याच दिवशी, दुपारी चार

शांतपणे लिहितो.

आयोजकाला सांगून बरोबर उस्तादच्या पुढची जागा घेतली. झेंडा पडला. मी पहिला गिअर टाकला, क्लच सोडला. वॅगन मागे गेली.

घाईत रिव्हर्स पडला असेल म्हणून दुसरा टाकला. आणखी जोरात मागे. उस्तादच्या काचेवर आदळणारच होतो, पण तो सवयीने एक गाडीचं अंतर ठेवूनच उभा राहतो. ‘उस्ताद, धूळ खा’ हे वाक्य स्वतःच चालत त्याच्या तोंडाशी गेलं. त्याने खिडकीतून डोकं काढलं, सावकाश वाचलं, आणि एवढंच विचारलं : खडू मारला होतास का?

मी गिअर न्यूट्रलला आणला. तेव्हा समजलं. हे इंजिन उलट्या बाजूने फिरतं. म्हणजे माझ्या गाडीला आता मागे जायचे चार गिअर आहेत आणि पुढे जायचा एक. जगात अशी गाडी दुसरी नसेल.

रिव्हर्समध्ये टाकून पुढे जाऊन पाहिलं. गोगलगाय बरी. मग गाडी वळवली. शेपूट टेकडीकडे, तोंड गावाकडे, आणि पहिल्या गिअरमध्ये उलटा निघालो. मान मागे, काच पुढे. लोक रस्त्याच्या कडेने टाळ्या वाजवत पळत होते. तीन गाड्या मागे टाकल्या. त्यातल्या एकीत चहावाला होता! दुसरा टाकला. आत्या कठड्यावर उभी होती, तिने चक्क ओढणी हलवली. आयुष्यात पहिल्यांदा कुणीतरी माझ्याकडे बघून हसत होतं आणि मला वाईट वाटत नव्हतं.

दुसऱ्या वळणावर डॅशबोर्डवर एक लाल दिवा लागला. मला वाटलं, मीच कुठलीतरी वायर चुकीची जोडली असेल. तिथून नदी फार छान दिसते. ती बघत होतो. मग कड्‌ असा आवाज आला आणि इंजिन बंद पडलं. कायमचं.

खाली पायथ्यापासून वॅगनपर्यंत रस्त्यावर काळी रेघ होती. ऑइलची.

उस्तादने गाडी थांबवली. उतरला, बोट बुडवून वास घेतला. रस्त्यावरून काहीतरी उचललं, पुसलं, खिशात टाकलं. मागच्या गाड्या घसरू नयेत म्हणून कडेची माती ओंजळीने आणून रेघेवर टाकत बसला. त्यात त्याची चढाई बुडाली. म्हणजे तोही वर पोहोचला नाही. बरोबरी!

आणि धूळ हातात घेतली त्याने. काचेवर लिहिलं होतं तेच झालं, जवळजवळ.

३१ मार्च, सोमवार, सकाळी नऊ

वॅगन ट्रकने ओढून शेडमध्ये आणलीय. आत्या काल फोनवर कुणाशी तरी बोलली. मला म्हणाली, अट म्हणजे अट, गाडी उस्तादची. मी म्हटलं, रद्दी आहे, खुशाल नेऊ दे. मग मागची काच पुसायला गेलो. रंग पक्का आहे. निघत नाही.

वाईट काही वाटत नाहीये. आज दुपारी निघतो. सर्कस सध्या कुठे आहे याची चौकशी करायची. नवा सूड, नवी वही. बॅग भरली. बॅगेत वही आणि टूथब्रश, एवढंच सामान निघालं.

साडेनऊ

खाली हातगाडीचा आवाज आला. भंगारवाला असेल.

भंगारवाला नाही. उस्ताद. स्वतः. पायरी चढून आत आला, काकांच्या फोटोसमोर जरा थांबला, आत्याने दिलेलं पाणी प्यायला. एवढं जिन्यातून पाहिलं, बाकीचं खिडकीतून. हातगाडीवर काकांचं जुनं इंजिन आहे, धुतलेलं. भंगारवाल्याने त्याच दिवशी त्याला कळवलं होतं म्हणे. पुलीवर पांढरा बाण.

आत्या त्याला सांगत होती, गाडी न्यायची तर वरचा नगही बरोबर न्यावा लागेल, सुटं मिळणार नाही. उस्ताद म्हणाला, वहिनी, गाडी परवडेल हो.

शेवटी शरण आला म्हणायचा. माझ्या दारात आला, माझ्या गाडीखाली आडवा झालाय. याहून मोठा सूड कुठला?

खालून हाक मारतोय. वर न बघताच ओरडला, अरे ए खिडकी, बूच मिळालंय, माझा तेरा नंबर घेऊन खाली ये.

पाना या पानावरच आहे. उचलला की वही मिटेल.