वरवंटा माझा, पाटा दादूसचा

मी, गोवर्धन जोमा घरत, वय सव्वीस, धंदा कालपर्यंत गाडीवर मासे तळणे आणि आज संध्याकाळपासून जहाजावर स्वयंपाक्याच्या हाताखाली, राहणार नेरूळ गाव, नवी मुंबई, जिल्हा ठाणे, लिहून ठेवतो ऐसाजे: माझं डोकं ठिकाणावर आहे, पोटात दारू नाही, आणि कोणी मानगुटीवर बसून हे लिहून घेत नाही. शिक्षण आठवीपर्यंत, तेही मध्ये मध्ये, म्हणून अक्षर आणि कायदा दोन्ही सांभाळून घ्यावेत.

लिहिण्याचं कारण. आज संक्रांत. पाच वाजता एजंटची जीप नाक्यावर येणार. जहाज तेलाचं आहे आणि इराण-इराकच्या लढाईच्या पाण्यात जाणार आहे. एजंट म्हणतो, "काय होत नाय रे, टेन्शन नको घेऊ." पण त्याच तोंडाने सगळ्यांना सांगतो की घरचं काय असेल ते लिहून ठेवा. शेजारचा मारोती गेल्या साली अशाच जहाजावर होता. रॉकेट लागलं तेव्हा तो डेकवर कपडे वाळत घालत होता. त्याच्या उजव्या हाताची बोटं आता एकमेकांना चिकटलेली आहेत. जाऊ नको असं तो मला एकदाही म्हणाला नाही. फक्त म्हणाला, "झोपताना बूट पायातच ठेव."

बेलापूरला कोकण भवनासमोर एक टायपिस्ट बसतो, त्याने नियम सांगितले. साक्षीदार दोन हवेत. दोघांनी माझ्यासमोर सही करायची. आणि ज्याला कागदातून काही मिळणार त्याने साक्षीला बसायचं नाही; बसला तर त्याचं मिळणं गेलं. एकाच साक्षीदाराचा कागद म्हणजे रद्दी. मारोती तयार आहे. दुसरा सकाळपासून मिळत नाही. सणाच्या दिवशी मरणाच्या कागदावर सही कोण करणार? समोरच्या घरातल्या विमलबाईंनी हातावर तिळगूळ ठेवला, "गोड बोल" म्हणाल्या, कागद बघितला आणि दार लावून घेतलं. आतून म्हणाल्या, "उद्या ये." उद्या मी कुठे असणार!

तर सही मिळो न मिळो, लिहितो. नाहीतर माझ्या मागे कमळी आणि दादूस यांचं आपसात तेच होईल जे माझं आणि दादूसचं झालं. कमळी म्हणजे माझी धाकटी बहीण, करावे गावात दिलेली. दादूस म्हणजे मोठा भाऊ चांगदेव, फळ्यांच्या भिंतीपलीकडे राहतो. दोन वर्षांत आमच्यात एक शब्द नाही.

कलम १. घर. शेतजमीन नव्या शहरात गेली, तिच्याबद्दल लिहायला काही उरलं नाही. राहिलं घर, त्याचा भिंतीच्या अलीकडचा अर्धा भाग माझा. तो आई, बायजा जोमा घरत, हिने ती असेपर्यंत वापरावा, नंतर कमळीचा. मधली भिंत दादूसला कधी तोडावीशी वाटली तर माझ्या बाजूने परवानगी आहे. खिळे बाहेरून ठोकलेले आहेत, लवकर निघतील.

कलम २. कुवेतहून आणलेला टू-इन-वन आईला. तो कॅसेट खातो, रेडिओ चांगला आहे. सायकल मारोतीला द्यायची होती, पण तो साक्षीदार. म्हणून ती त्याला आजच, जिवंतपणी दिली. ती या कागदात नाही असं समजावं. घंटी वाजत नाही, हे त्याला माहीत आहे.

कलम ३. गाडी, स्टो आणि तवा कमळीला. अट एकच, हिरवी चटणी मी करतो तशीच करायची. लोक माझ्या गाडीवर मांदेलीसाठी येत नाहीत, मांदेली सगळीकडे मिळते. चटणीसाठी येतात. म्हणून कृती कलमातच लिहितो.

ही मी कुवेतला शिकलो. त्याआधी बऱ्याच ठिकाणी होतो, मिठागरावर, ट्रकवर, एक पावसाळा रत्नागिरीला एका बोटीवर, पण ते इथे नको. कुवेतला कामगारांच्या कॅम्पात स्वयंपाकघर होतं आणि तिथला उस्ताद शाम देशाकडचा, म्हणजे सीरियाचा होता. वाटलेल्या तिळाला ते लोक ताहिनी म्हणतात. तो मला नावाने हाक मारत नसे, हिंदुस्थानचा म्हणून "हिंदी" म्हणायचा.

पांढरे तीळ भिजवून हाताने चोळायचे. सालं वर येतात, ती फेकायची. उन्हात सुकवून तव्यावर नुसते गरम करायचे. आई तिळगुळासाठी भाजते तसे लाल नाही, लाल झाले की कडू. गरम असतानाच वाटायला घ्यायचे. आधी कूट होतं, मग गोळा होतो, तरी वाटत राहायचं; शेवटी तीळ आपलंच तेल सोडतात आणि गोळा वाहायला लागतो. मग पातेल्यात काढून लसूण, मीठ आणि लिंबू.

कमळे, आता नीट वाच. लिंबू पडलं की ते आकसतं. घट्ट होतं, दाणे दाणे होतात, बघणाऱ्याला वाटतं नासलं. नासलेलं नसतं. त्यात तेल ओतायचं नाही, पातेलं उचलायचं नाही. माठातलं गार पाणी चमच्याने घालायचं आणि घोटायचं. आधी आणखी बिघडल्यासारखं दिसतं. मी पहिल्यांदा केलं तेव्हा हात थांबला होता. उस्ताद मागून ओरडला, "सब्र, हिंदी! पानी से डरता है?" तसंच घोटत राहिलं की एकदम सुटतं आणि पांढरं होतं, साईसारखं. कोथिंबीर आणि पुदिना वेगळा, कोवळ्या देठांसकट वाटून, अगदी शेवटी. उस्ताद एक पाला घालायचा तो कोथिंबिरीच्या बहिणीसारखा दिसतो, पण वास निराळा. तो इथे मिळत नाही, त्याच्यावाचून चालतं. पाला घातल्यावर ठेवून द्यायचं नाही, हिरवं आहे तोवर संपवायचं.

कलम ४. न्हावा-शेव्याला बंदराचं काम चालू आहे, तिथे भगवान नावाचा माणूस कॅन्टीन चालवतो. त्याने माझ्या गाडीवर उभं राहून चटणी चाटून बघितली आणि आता डाळीच्या पिठात कोथिंबीर कालवून "कुवेत चटणी" म्हणून विकतो. त्याला माझ्याकडून काहीही नाही. हे काहीही नाही त्याला गिऱ्हाइकांसमोर वाचून दाखवावं.

कलम ५. वरवंटा. हा दादूसला.

याचं कारण लिहावं लागेल, नाहीतर वाचणारा म्हणेल की एक वरवंटा काय द्यायचा. बापूस गेला तेव्हा मी कुवेतला होतो. तार मिळाली, पण पासपोर्ट कंपनीच्या कपाटात आणि साहेब सुट्टीवर. दादूसने सगळं एकट्याने केलं. खाडीवर उभं राहून काळे तीळ पाण्यात सोडले. मी परत आलो तेव्हा त्याने विचारलं, "पोचलास?" बस, एवढंच.

मग कमळीची हळद आली. मंडपामागे मी पांढरे तीळ वाटत बसलो होतो. म्हटलं, पोरीच्या हळदीला सगळ्यांना तळलेल्या बोंबलाबरोबर खाऊ घालू. लिंबू टाकलं आणि आकसलं, तेवढ्यात दादूस आला. पातेल्यात बघितलं.

"ह्यो काय केलास रं? नासलाय सगला!"

"नासला नाय दादूस, थांब जरा, पाणी घातलं की..."

"आन् तील? तील मेल्यावर सोरतान, हलदीला नाय!"

"ते काळे. हे पांढरे आहेत."

"तुला काय म्हाईत काले कुठले न् गोरे कुठले? तू होतास कवा?"

पातेलं उचललं आणि गटारात पालथं केलं. पाहुणे बघत होते. मीही मग जे तोंडाला आलं ते बोललो. कमळीचं लग्न पार पडलं आणि आम्ही घर वाटून मागितलं. पंच आले, चिठ्ठ्या टाकल्या. पाटा दादूसकडे गेला आणि वरवंटा माझ्याकडे. पंच उठून गेले. देवाशपथ सांगतो, आम्ही दोघांपैकी कोणी "थांबा" म्हटलं नाही.

दोन वर्षं पलीकडे पुतळावहिनी पाट्यावर सोड्याची बाटली फिरवून मसाला वाटते. भिंतीतून आवाज येतो. मी बंदराच्या कामावरून एक सपाट दगड आणला, पण तो टाकी लावून खरबरीत केलेला नाही, तीळ त्यावरून नुसते पळतात. वाटताना ज्याचा आवाज जास्त त्याचं अडलेलं जास्त, म्हणून त्याची हार, असं काहीतरी आमचं चाललं होतं.

वाटणी झाल्यावर कमळीने मला सांगितलं की खाडीवर दादूसने तीळ दोनदा सोडले. एकदा आपल्या नावाने आणि एकदा माझ्या वाटणीचे. हे त्याने मला सांगितलं नाही. सांगितलं असतं तर मी हळदीला तीळ काढले असते का, ते मला अजून कळत नाही.

म्हणून वरवंटा त्याला. घ्यायचा नसेल तर खाडीत टाकावा, पण त्याने स्वतः टाकावा, दुसऱ्याच्या हाताने नाही.

कलम ६. जहाजाला काही झालं आणि माझं अंग घरी आलं नाही, तर माझ्या नावाने काळे तीळ पाण्यात सोडू नयेत. त्याऐवजी दादूसने पांढरे तीळ वाटावेत, वर लिहिल्याप्रमाणे चटणी करावी आणि आईला, वहिनीला, कमळीला भाकरीबरोबर वाढावी. आकसलं की फेकू नये.

आई आत्ता बाहेर आली. म्हणते, "जायच्या आधी एकदा कर ना तुजा हिरवा." तीळ सकाळीच सुकवलेत. उठतो. दुसरी सही अजून नाही. मारोती पायरीवर बसून रस्त्याकडे बघतोय, जीप आली तर सांगायला. पलीकडे बाटलीचा आवाज होता, तो बंद झालाय.

पुढचं जेवढं जमेल तेवढं लिहितो, वेळ कमी आहे.

तीळ तव्यावरून काढले आणि दारात दादूस उभा. खांद्यावर पाटा. मारोती आधी उठला, मग परत बसला.

दादूस आईकडे मान करून म्हणाला, "आवस सांगतं, तुला सई नाय मिलत."

मी म्हटलं, "तुला नाही करता येणार. तुझ्या नावावर वरवंटा लिहिलाय. साक्ष दिलीस तर वरवंटा जाईल."

"मना वरवंटा नको. पाटा ठेवू कुठं ते सांग, खांदा मोरतंय."

पाटा ठेवला. मी वरवंटा आणला. दोन वर्षांनी दगडाला दगड लागला आणि तीळ पळाले नाहीत. दादूस भिंतीला टेकून बघत होता. मी लसूण घातला, मीठ घातलं. लिंबू हातात घेतलं आणि पिळवेना. आईसुद्धा ओट्यावरून बघत होती. शेवटी पिळलं.

आकसलं. हळदीला झालं होतं तसंच, रंगही तोच. दादूस पुढे सरकला. पातेलं माझ्या आणि त्याच्या मध्ये होतं. त्याचा हात वर आला.

मी म्हटलं, "दादूस, थांब."

"थांबलंय ना." मग म्हणाला, "नासलाय?"

"नाही."

"मंग पानी घाल."

"तू घाल. चमच्याने."

त्याने माठातून पाणी घेतलं आणि अर्धा चमचा घातला, घाबरत, औषध घालावं तसा. मी घोटलं. आणखी बिघडलं. त्याने माझ्याकडे बघितलं. मी मान हलवली. त्याने परत घातलं. बाहेरून मारोती ओरडला, "जीप वळली रे!" दादूस म्हणाला, "वलू दे," आणि परत घातलं. तेव्हा सुटलं. कडेने आधी, मग मधून, आणि पांढरं झालं. आईने वाटलेला पाला आणून दिला, तो दादूसने हातानेच कालवला, मला चमचा धरू दिला नाही. बोट चाटलं.

"मीठ कमी हाय."

कमी नव्हतं. मी तरी घातलं.

मग त्याने कागद मागितला आणि उभ्यानेच वाचला, ओठ हलवत. कलम सहावर थांबला आणि बोटाने हवेतच त्यावर काट मारली.

"हे खोर."

"का?"

"तुज्या वाटनीचं एकदा सोरलंय मी. आता तुज्या नावाचं कायपन कराला लावू नको. ना काला, ना गोरा. तू ये." मग मारोतीला म्हणाला, "पेन दे रं." हात न धुताच त्याने कागद दाबून धरला आणि सही केली. नाक्यावर हॉर्न वाजतोय.

कलम ७. कलम ५ रद्द, कारण दादूस साक्षीला बसला आणि नियमाप्रमाणे त्याचं मिळणं गेलं. पाटा आणि वरवंटा दोन्ही आईच्या चुलीशी राहतील, एकत्र. त्यावर माझा हक्क नाही, दादूसचाही नाही. कोणीही घर कसंही वाटलं तरी ते वाटायचे नाहीत.

वर लिहिलेलं सगळं माझ्या हाताने, माझ्या मनाने. दोघांनी माझ्या डोळ्यांदेखत सही केली आणि मी त्यांच्या.

ठिकाण: नेरूळ गाव, नवी मुंबई
तारीख: १४ जानेवारी १९८७, मकरसंक्रांत

लिहून ठेवणार: गोवर्धन जोमा घरत

साक्षीदार:
१. मारोती (सही डाव्या हाताची, उजवा जहाजावर भाजला)
२. चांगदेव जोमा घरत

ता. क. कलम सहावर पडलेला हिरवा डाग चांगदेवच्या तळहाताचा आहे. त्याखालची अक्षरं कोणाला वाचता आली नाहीत, तर ते कलम लिहिलंच नव्हतं असं समजावं.